आधी मावशींची खोली: एका रुग्णालयाच्या सुगम्यतेचं प्रकरण

किल्ली सापडायला पंधरा-वीस मिनिटं गेली. ती वॉचमनमामांकडे नव्हती, रिसेप्शनच्या खणातही नव्हती. शेवटी सफाईच्या मावशींनी कमरेच्या जुडग्यातून काढून दिली. तोवर सर आपल्या व्हीलचेअरवर दारासमोर शांत बसून होते. दार उघडलं. आत फिनेलचे कॅन, चार मॉप, कचऱ्याच्या रंगीत पिशव्यांचे गठ्ठे, एक मोडका सलाइन स्टँड आणि कमोडच्या झाकणावर पुठ्ठ्याचं खोकं. दारावरचं व्हीलचेअरचं निळं चिन्ह मात्र स्वच्छ पुसलेलं होतं.

ते चिन्ह मी, या रुग्णालयाच्या आर्किटेक्टने, लावून घेतलं होतं, २०१३ साली. खोली मीच आखली होती, दार बाहेर उघडतं की नाही ते मीच तपासलं होतं, आणि भोगवटापत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळाल्यावर रिकाम्या रॅम्पचे आणि चकचकीत स्वच्छतागृहाचे फोटो काढून विद्यार्थ्यांना दाखवलेही होते.

पुण्यात कर्वे रस्त्यापासून आत, एका गल्लीतलं हे तीस खाटांचं रुग्णालय. हाडांचे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, स्त्रीरोगतज्ज्ञ, असे दोघं मिळून ते चालवतात. २०२४च्या दिवाळीनंतर डॉक्टरांचा फोन आला. वर एक मजला वाढवायचा होता. मी म्हटलं, वाढवण्याआधी आहे त्याची सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना ते वापरता येतं का, एकदा नीट बघू, आणि बघायला मी एकटी येणार नाही. माझ्याबरोबर दोन माणसं आली. एक निवृत्त प्राध्यापक, म्हणजेच ते सर. पंचवीस वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअर वापरतात. दुसरी बँकेत टेलिफोन ऑपरेटर असलेली, जन्मापासून न दिसणारी एक मुलगी. दोघांनाही त्यांच्या वेळेचे पैसे दिले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे या कामाला ‘मदत’ म्हणायची पद्धत आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आपण मदत करायला बोलावत नाही.

त्या आधीची माझी वाट

आर्किटेक्चर मी पुण्यातच शिकले. पहिली काही वर्षं फ्लॅटच्या स्कीम काढण्यात गेली. २००३मध्ये एका छोट्या प्रसूतिगृहाचं काम आलं आणि मी या क्षेत्रात आले ती तिथेच राहिले. तिथल्या मुख्य सिस्टरांनी मला जे शिकवलं ते कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. साइटवर विटांची पहिली रांग लागली होती. त्यांनी जुन्या दवाखान्यातली एक खाट टेम्पोत घालून आणली, रांगेच्या आत ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, ही आता दारातून बाहेर काढून दाखवा.’’ खाट वळली नाही. भिंत मोडली. तेव्हापासून मी आधी खाट काढते, मग तिच्याभोवती भिंत.

रुग्णालय आखणाऱ्याचं शिक्षण असंच होतं. दोन स्ट्रेचर समोरासमोर आले तर जाता यावेत म्हणून कॉरिडॉर २.४ मीटर. स्वच्छ सामानाची वाट वेगळी, मळक्याची वेगळी. पडून राहिलेल्या माणसाला छत दिसतं, म्हणून दिवा त्याच्या डोळ्यांवर नको. फिनलंडमधल्या, १९३३ साली सुरू झालेल्या पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयात वास्तुकार आल्व्हार आल्टो यांनी अशाच पडलेल्या माणसाच्या नजरेतून खोल्या आखल्या; बेसिनमध्ये पडणाऱ्या पाण्याचा आवाज शेजारच्या खाटेवरच्याला त्रास देऊ नये इथपर्यंत विचार केला. १९८४मध्ये संशोधक रॉजर उलरिक यांनी ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास छापला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे ४६ रुग्ण; ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हे वाचून मी खिडक्यांच्या उंबरठ्यांची उंची कमी करायला लागले, आणि ते योग्यच होतं.

पण या सगळ्यात रुग्ण दोनच प्रकारचा होता: पडलेला किंवा चालणारा. बसून, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, कोणाच्याही मदतीशिवाय येणारा माणूस माझ्या डोक्यातच नव्हता. रुग्णालयात व्हीलचेअर म्हणजे रुग्णालयाची वस्तू, वॉर्डबॉयने ढकलायची. त्या दिवशी सर गेटमधून आत आल्या आल्या एक वॉर्डबॉय धावत आला आणि त्याने मागून हँडल धरली. सर म्हणाले, ‘‘बाळा, हात काढ. हे माझे पाय आहेत.’’

याच शहरात सैन्यदलाचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे आणि खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४पासून. चाकांवर पूर्ण आयुष्य जगणारी माणसं पुण्याला नवीन नाहीत. तरी मला त्यांच्यातल्या एकाबरोबर स्वतःची इमारत फिरायला वीस वर्षं लागली.

गेटपासून

मूळ आराखडा २०११चा. तळमजल्याचं जोतं तेव्हा रस्त्यापासून ९०० मिलिमीटर उंच, म्हणजे दीडशेच्या सहा पायऱ्या. एकास बारा उताराने रॅम्प काढायचा तर १०.८ मीटर लांबी, शिवाय मध्ये आणि दोन्ही टोकांना थांबायला सपाट जागा. प्लॉट अरुंद, म्हणून साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेत, तो घडी घालून बसवला. दोन्ही बाजूंना कठडे. कागदावर काही चूक नव्हती.

बारा-तेरा वर्षांत गल्लीवर डांबराचे थर चढत गेले. पुण्यात जुन्या सोसायटीत राहणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या मोजमापात रस्ता सुमारे दीडशे मिलिमीटर वर आला होता. आवार खाली राहिलं, पावसाचं पाणी आत यायला लागलं, तेव्हा कोणीतरी गेटवर काँक्रीटचा उंचवटा घातला आणि त्याच्या आत पाणी निघायला लोखंडी जाळी बसवली. उंचवटा इतका उभा की सरांची पुढची चाकं उचलली गेली. आणि जाळीच्या पट्ट्या येण्याच्या दिशेलाच समांतर, मधल्या फटी बोटभर रुंद. पुढचं छोटं चाक त्यात बरोबर बसलं. मामांनी आणि मी मिळून खुर्ची मागे ओढली. जाळीच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नकोत आणि पट्ट्या वाटेला आडव्या हव्यात, हे मला माहीत होतं. ते कोणाला सांगितलेलं नव्हतं. आवार म्हणजे ‘नंतर बघू’ची जागा.

रॅम्पवर चौदा दुचाकी होत्या. त्या कोणाच्या, हे मामांना विचारलं. दिवसपाळीच्या सिस्टर, लॅबचे दोघं, औषधाच्या दुकानातला मुलगा. माझ्या नकाशात पार्किंग होतं, नियमाप्रमाणे मोजून दिलेलं. डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या गाड्यांचं. कर्मचाऱ्यांच्या दुचाकी कुठे लागतील याचा वेगळा विचार मी केला नव्हता, आणि रॅम्प ही सावलीतली, मामांच्या नजरेसमोरची जागा. मी त्या मुलींच्या जागी असते तर माझीही स्कूटर तिथेच लावली असती.

दुचाकी हलवून वर पोचल्यावर सर म्हणाले, ‘‘कठडा कशाचा आहे?’’ स्टेनलेस स्टीलचा, मी म्हटलं. ‘‘एप्रिलमध्ये या आणि हात लावून बघा.’’ रॅम्पचा वरचा टप्पा पश्चिमेकडे उघडा. दुपारी तीनच्या उन्हात तो नळ धरता येत नसणार हे कळायला एप्रिलची वाट बघायची गरज नव्हती.

न दिसणाऱ्या मुलीचा प्रवास वेगळा झाला. गेटपासून रिसेप्शनपर्यंत, न दिसणाऱ्यांना वाट कळावी म्हणून, पिवळ्या उंचवट्यांच्या टाइल्स होत्या. त्या मी लावल्या नव्हत्या, मधल्या काळात कोणीतरी चांगल्या मनाने लावल्या असाव्यात. त्या टाइल्सवरून काठी टेकत ती सरळ सिक्युरिटीच्या टेबलावर आदळली. टेबल तिथे का, तर पावसाळ्यात मामांना आडोसा तिथेच मिळतो. लिफ्टमध्ये मजला सांगणारा आवाज बंद होता, कारण लिफ्टशेजारच्या खोलीतले रुग्ण रात्री तक्रार करायचे. आवाज कमी करता येतो हे लिफ्टच्या माणसाला विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं; त्याने पुढच्या भेटीत पाच मिनिटांत करून दिलं.

मग आम्ही त्या कुलूपबंद दारापाशी आलो.

मॉप कुठे ठेवायचे

मला आधी राग आला. मावशींना मी जरा चढ्या आवाजात विचारलं, की हे सामान इथे का. त्या म्हणाल्या, ‘‘मग ठेवू कुठं, ताई? तुम्हीच सांगा.’’

मी त्यांना सांगू शकले नाही. गाडीतून जुने नकाशे काढले, बॉनेटवर पसरले. तळमजला, पहिला मजला, दुसरा. ऑटोक्लेव्हची, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायची, खोली होती, कपड्यांची होती, ऑक्सिजनच्या सिलिंडरची होती. सफाईच्या सामानाची खोली एकाही मजल्यावर नव्हती. जिथे मॉप धुता येईल अशी मोरी नाही, ओला मॉप वाळत टाकायला खुंटी नाही. तीस खाटांचं रुग्णालय, दिवसातून तीन वेळा फरशी पुसली जाणार, आणि ते करणाऱ्या बायकांना मी पूर्ण इमारतीत एक चौरस मीटर जागा दिली नव्हती. त्यांनी ती शोधली. इमारतीत पाण्याचा नळ असलेली, मोठ्या दाराची आणि दिवसेंदिवस कोणी न वापरणारी खोली एकच होती.

ती कोणी वापरत का नव्हतं, हेही नकाशाच सांगत होता. मी ती एक्स-रेच्या पलीकडे, इमारतीच्या मागच्या टोकाला टाकली होती. कारण ड्रेनेजची शाफ्ट, म्हणजे उभ्या पाइपांची जागा, तिथे होती आणि पुढची जागा कन्सल्टिंगला हवी होती. वेटिंगमध्ये बसलेल्या माणसाला ती दिसतच नाही. आत आकार दीड मीटर बाय पावणेदोन मीटर. तेव्हाच्या नियमात हाच किमान आकार होता आणि मी किमान तेवढाच दिला. सामान बाहेर काढून सरांनी आत जाऊन दाखवलं. खुर्ची आत गेली, कमोडसमोर उभी राहिली, आणि संपलं. कमोडच्या बाजूला खुर्ची लावायला जागा नाही, वळायला नाही, दार मिटायला सरांचा हात पोचत नाही. पुढून कमोडवर जायचं तर अर्धवट उभं राहून फिरावं लागतं. ज्याला उभं राहता येतं त्याला ही खोली कशाला हवी?

कमोडची उंची तेव्हा ५०० मिलिमीटर सांगितलेली होती, ती मी पाळली. आताची मार्गदर्शक तत्त्वं ४५० ते ४८० सांगतात. बुटक्या माणसाचे पाय पाचशेवर बसल्यावर लोंबकळतात आणि तोल जातो. आणि एक गोष्ट कोणत्याच नियमात मला तेव्हा सापडली नव्हती, पण आपल्याकडे ती पहिली असायला हवी: पाणी. जेट स्प्रे मी कमोडच्या मागच्या भिंतीला लावला होता, नेहमीच्या सवयीने. बसलेल्या माणसाला, एका हाताने आधाराचा बार धरलेला असताना, तो घेता येत नाही. म्हणून बादली आणि मग्गा येतो. आणि बादली नेमकी तिथे ठेवली जाते जिथे व्हीलचेअर लागायला हवी.

त्या संध्याकाळी मी घरी एक वही काढली. डाव्या पानावर, रॅम्पपासून स्वच्छतागृहापर्यंत कुठे कुठे अडलं ते लिहिलं. उजव्या पानावर, तिथे जे येऊन बसलं होतं त्याला मी मूळ नकाशात कुठे जागा दिली होती ते. उजवं पान जवळजवळ कोरं राहिलं. दुचाकी, मामांचं टेबल, मॉप, मोडके स्टँड. मी या इमारतीकडे अकरा वर्षं ‘लोकांनी सोय बिघडवली’ अशा नजरेने पाहू शकले असते. पण बिघडवणारा प्रत्येक जण आपलं काम करायला जागा शोधत होता, आणि ती जागा द्यायचं काम माझं होतं.

‘‘बंधनकारक आहे का?’’

डॉक्टर भला माणूस आहे. गल्लीतल्या कामवाल्या बायकांचे प्लास्टर ते पैसे न घेता घालतात. तरीही पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला, आणि दुसरा, दंड किती.

उत्तर स्पष्ट द्यावं लागतं. २०११ साली अपंग व्यक्तींसाठीचा १९९५चा कायदा होता आणि खासगी इमारतींना त्यात बऱ्याच पळवाटा होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. तो १९ एप्रिल २०१७ला लागू झाला. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी नाही. लोक जिथे येतात ती खासगी इमारतसुद्धा, आणि वैद्यकीय सेवेचा उल्लेख व्याख्येतच आहे. कलम ४४ म्हणतं, निकष पाळले नसतील तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ म्हणतं, आहेत त्या इमारतीही नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करा. नियम जून २०१७मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२मध्येच संपली. दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख.

योगायोग असा की आमच्या पाहणीच्या थोडंच आधी, ८ नोव्हेंबर २०२४ला, सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात निकाल दिला होता. सुगम्यतेचे निकष २०१७च्या त्या नियमांपैकी नियम १५मध्ये निव्वळ मार्गदर्शनासारखे ठेवले आहेत, ते मूळ कायद्याच्या विरोधात आहे, असं म्हणून न्यायालयाने सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक निकष आखायला सांगितलं. मी डॉक्टरांना म्हटलं, वरचा मजला वाढवायचा तर परवानगीसाठी हे सगळं पुढे येणारच आहे.

पण मला ठाऊक होतं की कायद्याच्या जोरावर झालेलं काम कसं होतं. २०१३चं माझंच काम कायद्याच्या जोरावर झालेलं होतं. डॉक्टरांना पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्यांच्या ओपीडीत मी दोन दिवस वेटिंगमध्ये बसले. हाडांची ओपीडी. प्लास्टरमधले पाय, वॉकर, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या आज्या. एका आजींना मुलगा स्वच्छतागृहाकडे घेऊन गेला. साध्या स्वच्छतागृहाचं दार साडेसातशे मिलिमीटरचं, वॉकर आडवा. मुलगा आईला आत कसं सोडणार, म्हणून दारात पाठ करून उभा राहिला आणि दार उघडंच. मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं, की तुमच्या जवळजवळ सगळ्याच रुग्णांना ती खोली हवी आहे, आणि कुलूप लावून आपण ती मॉपना दिली आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘कन्सल्टिंगची एक खोली गेली तरी चालेल.’’

ती गेली नाही. रिसेप्शनमागे जुन्या केसपेपरची खोली होती. नोंदी संगणकावर गेल्यापासून धूळ खात पडलेली. तिच्यात नवं स्वच्छतागृह आणि मावशींची खोली, दोन्ही बसलं.

खडूने आखलेली खोली

कामाचा क्रम मी उलटा लावला. आधी मावशींची खोली. प्रत्येक मजल्यावर छोटी, पण तिच्यात जमिनीलगत मोरी, गरम-गार पाणी, मॉप उलटे टांगायला खुंट्या, पिशव्यांना फळी, आणि मावशींना डबा ठेवायला एक कप्पा. हा कप्पा त्यांनी मागितला. कंत्राटदाराला हे विचित्र वाटलं, की मुख्य काम सोडून इथून सुरुवात कशी. मी सांगितलं, ही खोली झाल्याशिवाय नव्या स्वच्छतागृहाला मी दार बसवू देणार नाही. त्याचप्रमाणे दुचाकींना मागच्या मार्जिनमध्ये पत्र्याची शेड आधी झाली, मामांना गेटशेजारी छप्पर असलेली केबिन आधी झाली. रॅम्प त्यानंतर आपोआप मोकळा झाला. ‘येथे वाहने लावू नयेत’ अशी पाटी लावावी लागली नाही.

नव्या स्वच्छतागृहाचा आकार दोन मीटर बाय दोन मीटर वीस सेंटिमीटर. बांधण्याआधी पार्किंगमध्ये खडूने तो पूर्ण मापात आखला, भिंतींच्या जागी प्लायवूड उभं केलं, कमोडच्या जागी त्याच उंचीचं खोकं. सर तीन वेळा आत आले, बाहेर गेले. त्यातून ज्या गोष्टी कळल्या त्या कोणत्याही तक्त्यात नव्हत्या. सर खुर्चीवरून कमोडवर डाव्या बाजूने सरकतात, कारण त्यांचा उजवा हात बळकट आहे. त्यांचे एक मित्रही त्या दिवशी बघायला आले होते. त्यांचं बरोबर उलट. एका खोलीत दोन्ही बाजूंना जागा देणं शक्य नव्हतं. म्हणून तळमजल्यावर मोकळी जागा कमोडच्या डावीकडे ठेवली आणि पहिल्या मजल्यावर उजवीकडे, आणि कुठे काय आहे ते दारावर चित्राने दाखवलं. मोकळ्या बाजूचा बार उचलून भिंतीला लावता येतो असा घेतला. जेट स्प्रे बाजूच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या हाताशी आणला. पूर्ण प्रकरणात सगळ्यात कमी पैसे या एका बदलाला लागले असतील. मदतीची दोरी जमिनीपर्यंत लोंबती ठेवली, कारण पडलेला माणूस बटणापर्यंत पोचत नाही. टाइल्स मॅट. आणि कमोडचं सीट गडद निळं. पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा कमोड मोतीबिंदू असलेल्या आजोबांना नीट दिसत नाही.

ड्रेनेजने घाम काढला. नवी जागा शाफ्टपासून लांब, आणि आपल्याकडे स्वच्छतागृहाचा स्लॅब खाली धरलेला नसेल तर पाइप झाकायला फरशी वर घ्यावी लागते. म्हणजे दारात पायरी, म्हणजे सगळं मुसळ केरात. तळमजला मुरमाच्या भरावावर होता म्हणून जमीन खोदून पाइप नेता आला. वरच्या मजल्यावर ते शक्यच नव्हतं. तिथे भिंतीला टांगलेला कमोड घेऊन पाइप भिंतीतून शाफ्टपर्यंत काढला आणि त्यासाठी खोलीची जागाच बदलली.

एका बाबतीत मी मार्गदर्शक तत्त्वांपासून थोडी दूर गेले आणि त्यावर अजून विचार करते आहे. त्या मुलीला आतल्या कॉरिडॉरमध्येही उंचवट्यांच्या टाइल्स हव्या होत्या. पण हे हाडांचं रुग्णालय. मी स्वतः स्ट्रेचरवर आडवी झाले आणि वॉर्डबॉयला टाइल्सवरून ढकलायला सांगितलं. प्रत्येक उंचवटा पाठीत जाणवतो. मोडलेला पाय घेऊन आलेल्या माणसाला तो किती लागेल? शेवटी त्या टाइल्स गेटपासून रिसेप्शनपर्यंत ठेवल्या, आत कॉरिडॉरच्या भिंतीला सलग हातकठडा लावला आणि प्रत्येक दाराशी त्याच्या वरच्या अंगाला ब्रेलमध्ये खोलीचं नाव. ती मुलगी म्हणाली, ‘‘चालेल, ताई. पण सलग म्हणजे सलग हं. मध्ये वॉटर कूलर नको.’’ कूलर भिंतीत कोनाडा करून आत घेतला.

बाकीचं थोडक्यात. रिसेप्शनच्या काउंटरचा एक भाग खाली आणला आणि त्याखाली गुडघे जातील एवढी पोकळी ठेवली. टोकन आता पडद्यावर दिसतं आणि आवाजातही सांगितलं जातं. आधी फक्त नाव पुकारत, आणि ऐकू न येणारा माणूस दुपारपर्यंत बसून राही. रॅम्पवर छप्पर आलं, कठडे दोन उंचींवर आले. गेटवरचा उंचवटा काढून आवारच लांबवर हळूहळू चढवत नेलं, जाळी आडव्या पट्ट्यांची. ओपीडीतल्या तपासणीच्या टेबलांपैकी एक खालीवर होणारं घेतलं. टेबल म्हणजे फर्निचर, आर्किटेक्टच्या कामात ते येत नाही असं मी वर्षानुवर्षं मानत आले होते. पण गेटपासून कन्सल्टिंगपर्यंत स्वतःच्या बळावर आलेल्या सरांना तिथे दोघांनी उचलून टेबलावर ठेवलं असतं, तर आधीच्या सगळ्या कामाचं काय झालं असतं?

गल्लीचा फुटपाथ आमच्या हातात नव्हता. सर नळ स्टॉपला मेट्रोने येतात, तिथल्या लिफ्टने खाली उतरतात, आणि उरलेलं अंतर वाहनांच्या बाजूने रस्त्यावरून येतात. गेटच्या आत मी कितीही केलं तरी तेवढा तुकडा तसाच आहे.

सहा महिन्यांनी

काम २०२५च्या उन्हाळ्यात संपलं. पूर्वी मी फोटो काढून निघून जायचे. या वेळी करारातच लिहून घेतलं होतं, की सहा महिन्यांनी आणि वर्षाने येऊन बघणार, आणि त्याची फी आधीच ठरलेली.

सहा महिन्यांनी गेले तेव्हा रॅम्प मोकळा होता. मावशींच्या खोलीत मॉप ओळीने टांगलेले, कप्प्यात दोन डबे आणि एक छोटा गणपती. तळमजल्याच्या स्वच्छतागृहाला कुलूप नव्हतं. मला बाहेर थांबावं लागलं, कारण आत कोणीतरी होतं. एक बाई आपल्या सासूबाईंना हात धरून बाहेर घेऊन आल्या.

मी आत गेले. बार घट्ट होते, दोरी जमिनीपर्यंत होती. आणि कमोडच्या डावीकडे, बरोबर जिथे व्हीलचेअर लागायला हवी तिथे, एक लाल प्लास्टिकचं स्टूल होतं.

मावशींना हाक मारली. या वेळी आवाज चढवला नाही. विचारलं, हे कोण आणतं. त्या म्हणाल्या, ‘‘कुणीपण आणतं. पेशंटची बाई असते ना बरोबर, ती कपडे कुठं ठेवणार? आजींना साडी नेसवायची तर आधी बसवायला पाहिजे. मी किती वेळा बाहेर नेऊन ठेवलं, परत येतंय.’’

दाराशेजारच्या भिंतीवर, व्हीलचेअरच्या वाटेबाहेर, साठ सेंटिमीटरची मोकळी जागा होती. घडी करून भिंतीला लागेल असं बाक तिथे बसेल, वर दोन खुंट्या. मी टेप काढली आणि मावशींना दुसरं टोक धरायला सांगितलं.